दादानं पुसलेली नावं

"छोटे, आज तोंडातून चकार शब्द काढायचा नाही," दादानं हॉस्पिटलच्या दारातच दटावलं. छोटीनं मान हलवली. दादापुढे मान हलवायची सवय तिला लहानपणापासूनचीच.

खरं तर आज विकायचं सॉफ्टवेअर तिनं बनवलेलं. रक्तपेढीच्या फ्रिजवर त्यानं नजर ठेवायची आणि तापमान बिघडलं की बोंब मारायची. तो बोंब मारणारा भाग तेवढा तिचा नव्हता. कुणा भल्या परक्या माणसानं तो लिहून जगाला फुकट वाटला होता, तिनं तो सुधारून घेतला. आता फुकट म्हणजे काही बेवारस नव्हे हो! अट होती: विका खुशाल, पण मूळ माणसाचं नाव ठेवा, कुणी काय बदललं ते लिहा आणि घेणाऱ्याच्या हाती बदललेला कोडही द्या. दादाला काही ते पटेना. "घर विकताना कुणी गवंड्याचं नाव सांगतं का?" म्हणे.

समोर हॉस्पिटलच्या खरेदीवाल्या बाई, शेजारी त्यांचा तपासनीस. सौदा हुकला तर ऑफिसला टाळं लागणार, हे दोघा भावंडांना पक्कं ठाऊक. तपासनीस पडद्यावर सॉफ्टवेअरसोबतची नावांची फाइल सरकवत होता, आणि छोटीला ते दिसलं. परक्याच्या नावाच्या जागी दादाचं नाव! काल तिच्या पाठीमागे त्यानं हा उद्योग केला होता.

"हा भाग तुम्हीच लिहिलात?" तपासनीसानं विचारलं.

"अर्थात!" दादा छाती काढून म्हणाला.

"अठ्ठ्याण्णव साली?"

नाव बदललं, साल तसंच राहिलं. अति घाई, दुसरं काय! अठ्ठ्याण्णव साली दादा चौथीत होता आणि पाढे येत नाहीत म्हणून वर्गाबाहेर उभा असायचा.

"ते... टायपिंगची चूक," दादा चाचरला आणि त्यानं छोटीकडे पाहिलं. सांभाळून घे, असं ते पाहणं. वडील गेल्यावर यानंच तिला शिकवलं होतं. "हो, चूक माझीच," एवढं म्हटलं की भागलं असतं. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात तिला खालची ओळ दिसली. 'बदल केले' च्या पुढे आधी तिचं नाव होतं, आता तिथेही दादाच. तिला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

"चूक नाही," ती म्हणाली. "अठ्ठ्याण्णव साली हा चौथीत होता. मूळ काम दुसऱ्याचं आहे, बदल माझे. नावं पुसली आहेत. आणि अटीप्रमाणे कोड तुम्हाला द्यायला हवा, तोही दिलेला नाही."



"उद्या फ्रिज बंद पडला आणि बोंब झालीच नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, "तर मी विचारायचं कुणाला? चौथीतल्या पोराला?"

त्यांनी कराराचे कागद बाजूला सरकवले.

"आधी नावं जागेवर आणा, कोड आमच्याकडे द्या. सही करायची की नाही, ते मग बघू."

तपासनीसानं कीबोर्ड दादापुढे सरकवला. परक्याचं नाव छोटीनं तोंडपाठ सांगितलं, दादानं मुकाट्यानं टाइप केलं. खालच्या ओळीवर त्याची बोटं अडली.

"बदल कुणी केले?" तपासनीसानं विचारलं.

"हिनं," दादा म्हणाला. "सगळंच हिनं केलंय."

आणि त्यानं तिचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. बाईंनी अजून पेन उघडलं नव्हतं. सही होते की नाही, याचं छोटीला त्या घटकेला काहीच वाटलं नाही.