श्वासांची खोली

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्ही दोघं नोकरीवाले. कुणी काही म्हणायच्या आतच माझ्या मोठ्या नणंदेने, ताईंनी, कंबर कसली. त्या शिवणकाम शिकवायच्या. ते सोडलं आणि आईच्या खाटेला खाट लावून राहिल्या. रात्री उठून कूस बदलून द्यायची, पाठीला पावडर लावायची, चमच्याने पाणी पाजायचं. अशी कित्येक वर्षं गेली. मी मात्र रोज वेळेवर ऑफिसात हजर असायचे, ते ताईंच्या जिवावर.

सासूबाई गेल्या. आता तरी ताई पोटभर झोपतील असं वाटलं, पण झोपेने त्यांच्याशी कट्टीच घेतली. गोळ्या झाल्या, गरम दूध झालं, तळपायाला तेल झालं. डोळ्याला डोळा लागेना. बोलता बोलता शब्द विसरायच्या, हातातून भांडी निसटायची.

एका सुट्टीला हे बाहेरगावी होते. मी म्हटलं, "ताई, चला, ते नव्या कलेचं मोठं संग्रहालय आहे ना, तिकडे जाऊन येऊ. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं."

"तिथेही भिंतीच बघायच्या ना?" ताई म्हणाल्या, पण निघाल्या.

जुन्या गिरणीचं केलेलं संग्रहालय ते. छत इतकं उंच, की नकळत आवाज खाली यायचा. पहिल्याच दालनात भलामोठा पांढरा कॅनव्हास आणि त्यावर एकच तांबडी रेघ.

"रंग संपला वाटतं बिचाऱ्याचा," ताई कुजबुजल्या.

पुढे छताला मोडक्या खुर्च्या टांगलेल्या होत्या. "आपला माळा उगाच आवरला गं. तिकीट लावता आलं असतं." खूप दिवसांनी त्यांची जीभ अशी चालत होती. मला तेवढ्यानेच तिकीट वसूल झाल्यासारखं वाटलं.

वरच्या मजल्यावर एक अंधूक खोली होती. आत जाड गालिचा, मध्ये गादीचा लांब बाक, बाकी काहीच नाही. फक्त आवाज. कुणीतरी गाढ झोपेत श्वास घेत होतं. संथ, किंचित घरघरता. श्वासाबरोबर भिंतीवरचा पिवळसर उजेड चढायचा आणि उतरायचा. दाराशी पाटी होती: अनोळखी माणसांच्या झोपेतल्या श्वासांचं हे ध्वनिमुद्रण आहे.

ताई बाकावर टेकल्या. मी पाटी वाचून वळले, तर त्या आडव्या झालेल्या. हाक मारणार तेवढ्यात त्यांचं घोरणं कानावर आलं.

दारातल्या गार्डबाई लगबगीने आल्या. गणवेश, कमरेला वॉकीटॉकी. मी गडबडून म्हटलं, "उठवते, उठवते. माफ करा. यांना गेले कित्येक महिने झोप नाही हो. आईचं करता करता..."

त्यांनी ताईंकडे पाहिलं. "इथे झोपायची परवानगी नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग वॉकीटॉकीचा आवाज बारीक केला. "पण त्या झोपल्यात कुठे? डोळे मिटून ऐकतायत. तुम्ही बसा निवांत."

लोक येत होते, जात होते. एक चष्मेवाले गृहस्थ बराच वेळ ताईंसमोर उभे राहिले, मग वाकून बाकावर काही लिहिलंय का ते शोधू लागले.

"या कलाकृतीचाच भाग का?" त्यांनी विचारलं.

"आजच्या दिवस," गार्डबाई गंभीरपणे म्हणाल्या. "फोटो काढायचा नाही." मी तोंडात रुमाल कोंबला.

मग शाळेची सहल आली. जिन्यातूनच कलकलाट ऐकू येत होता. माझं धाबं दणाणलं. गार्डबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बूट हातात घ्यायचे. आत एक मावशी झोपल्यात. जो आवाज न करता बाहेर येईल तो शहाणा." ती सगळी पोरं चवड्यांवर, श्वास रोखून, ताईंना वळसा घालून गेली. एका चिमुरडीने ताईंची घसरलेली शाल हलक्या हाताने खांद्यावर ओढली आणि पुढच्या मुलाच्या मागे पळाली.

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

ताई जाग्या झाल्या तेव्हा दुपार कलली होती. उठल्या उठल्या त्यांचा हात शेजारी चाचपडला, रिकाम्या गादीवर थांबला. मग त्यांना सगळं उमगलं.

"आईचा श्वास ऐकू यायचा रात्रभर," त्या म्हणाल्या. "तो चाललाय म्हटलं की मी पडायचे. आता घरात ऐकूच येत नाही काही. मग जीव दचकतो, उठवतो मला. इथे... कुणीतरी होतं गं."

गार्डबाईंनी पाणी आणून दिलं. ताईंनी पेल्यासकट त्यांचा हात धरला. "तुमचे उपकार कसे फेडू हो?"

"कसले उपकार? दिवसभर लोकांना 'हात लावू नका' एवढंच सांगते मी. आज कुणाच्या तरी कामी आले."

त्या रात्री मी माझी गादी उचलून ताईंच्या खोलीत टाकली.

"हे काय? तुझा नवरा?"

"परवा येतील. आले की त्यांनाही घेऊ. ते तर घोरून सगळी गल्ली झोपवतील."

ताई हसल्या. दिवा मालवला. मी मुद्दाम श्वास मोठा ठेवला. त्यांचं घोरणं सुरू झालं तेव्हा कुठे मीही कुशीवर वळले. पुढे कितीतरी रात्री मी तिथेच झोपले. हे आले, कुरकुरले, मग तेही गादी घेऊन आले.

आता ताई एकट्याही झोपतात, दार लावून. पुन्हा शिकवायला जातात. मागच्या आठवड्यात त्यांनी गार्डबाईंसाठी सुती कुर्ता शिवला, दोन मोठ्या खिशांचा, आणि माप न घेता तो त्यांना अगदी अंगाबरोबर बसला.