भाऊबिजेचं जांगड

“दस्तगीर, या दिवाळीपासून जांगड बंद,” नूरमहंमदशेठ गल्ल्यावरून म्हणाले. “लढाईमुळं कापडावर सरकारी कंट्रोल आलाय. नेलेला माल परत घ्यायचा नाही. बायकांना सांगून टाक.”

दस्तगीरनं मान हलवली आणि हिरवं, लाल काठाचं लुगडं गाठोड्यात बांधलं. “याचे पैसे माझ्या पगारातून कापा,” तो म्हणाला. शेठनी चष्म्यावरून पाहिलं आणि वहीत आकडा मांडला.

लोणावळ्याच्या या दुकानाचं गाठोडं तो पंचवीस वर्षं वाहत होता. लुगडं गिऱ्हाइकाच्या घरी ठेवून यायचं. पसंत पडलं तर राहतं, नाही तर घडी न मोडता परत येतं, हे जांगड. लग्नात मिरवून ‘रंग आवडला नाही’ म्हणत परत करणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. त्यांच्या थापा ऐकायला त्याला मजा येई.

मळवलीच्या बायडाबाईचं लुगडं मात्र कधी उघडलेलंच नसे. तिचा नवरा बहिरू मुंबईला गोदीत गेला आणि तिथून बोटीवर चढला. ‘पाडव्याला येतो’ एवढा निरोप आला, त्याला दहा वर्षं झाली. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं तर अंगावर नवं लुगडं हवं, म्हणून ती दर धनत्रयोदशीला एक ठेवून घेई आणि भाऊबिजेला, दस्तगीर न्यायला आला की, होतं तसं काढून देई. दस्तगीरची बायको मदिना जाऊन बारा वर्षं झाली होती. बहिरू यावा असं त्याला वाटे, आणि येऊ नये असंही वाटे. या दुसऱ्या वाटण्याची त्याला लाज होती, पण ते मनातून जात नव्हतं.

धनत्रयोदशीला त्यानं लुगडं दिलं. नव्या नियमाचं तिला काही सांगितलं नाही.

भाऊबिजेला दुपारच्या गाडीनं तो मळवलीला उतरला. बायडाबाई उंबऱ्यातच उभी होती.

“ह्ये घ्या, कापडवाले. घडी मोडली न्हाई.”

त्यानं हात पुढे केला नाही. “औंदा परत घ्यायचं बंद झालंय, बाई. कंट्रोल आला.”

“मग आदी सांगायचं न्हाई व्हय? मी कुटनं देऊ पैसं?”

“पैसे दिलेत.”

“कुनी?”

“दुकानानं.” इतक्या जणींच्या थापा ऐकल्या, पण स्वतःला एक धड मारता येईना.

“दुकान कुनाला फुकट देतंय?”

दस्तगीर गाठोडं खाली ठेवून त्याची गाठ उगाच आवळू लागला. दहा वर्षं जे बोलला नव्हता ते आता न बोलताच तिला कळलं होतं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही.

“ह्यांच्यासाटी नेसायचं लुगडं मी दुसऱ्या कुनाकडनं घेनार न्हाई,” ती म्हणाली. “पर आज बीज हाय. भावानं दिलं तर घेता येतं.”

तिनं आतून पाट आणून मांडला. गाठोडं उचलून तो निघून जाऊ शकला असता. तिनं अडवलं नसतं. पण त्यानं वहाणा काढल्या, डोक्यावरची टोपी नीट केली आणि बसला.

तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. निरांजन तोंडाभोवती फिरलं तेव्हा दस्तगीरनं डोळे मिटून घेतले.

ती आत गेली आणि लुगडं नेसून बाहेर आली. घडीच्या आडव्या रेघा अजून अंगावर तशाच होत्या.

“बरं दिसतंय का, भाऊ?”

“लय बरं,” तो म्हणाला.

दिवेलागणीला तो दुकानात पोचला. शेठ कुलूप शोधत होते. रिकाम्या गाठोड्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

“बायडाबाईचं राहिलं?”

“राहिलं.”

“अरे वा. म्हणजे बहिरू आला एकदाचा!”

दस्तगीरनं कपाळावरून हात फिरवला. बोटाला कुंकू लागलं.

“भाऊ आला,” तो म्हणाला, आणि गाठोड्याच्या फडक्याची घडी घालू लागला.