एकदा चेष्टा करून पाहा

मोटार कंपनीचे बकुळबाबू कलकत्त्याहून बनारसला आले ते ड्रायव्हर बरोबर घेऊनच. मोटार परत न्यायला आलेत, हे ढुंढिराजने तेव्हाच ओळखलं.

त्याच्या दुकानात मोटार एकच होती. लॅमबर्न नावाची, लहानशी, इंग्लिश.

"बनारसमध्ये मोटार घेतो कोण?" बकुळबाबू हिंदीत म्हणाले. "थोडे जमीनदार, काही वकील-डॉक्टर, छावणीतले साहेब. एवढ्यांच्या मागे किती कंपन्या! अमेरिकन गाड्यांनी सगळं खाल्लं. विलायतेत आमच्या मालकांच्याच नाकातोंडात पाणी गेलंय. आज गिऱ्हाईक मिळालं तर एजन्सी तुमची. नाहीतर गाडी जाणार."

ढुंढिराजचे भाऊ घाटावर यजमानांची धर्मकृत्यं चालवत. यानेच तेवढा तो धंदा सोडून मोटारींचा धरला होता. दक्षिणेतले श्रीमंत यात्रेकरू काशीला येतात, त्यांच्यासाठी दुकानावर मराठी पाटी हवी, म्हणून ती त्याने स्वतः रंगवली: 'लॅमबर्न मोटार. एकदा चेष्टा करून पाहा.'

पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून त्याच्या घरची मराठी अर्धी हिंदी झाली होती. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तेच त्याने लिहिलं. त्याची बायको अन्नपूर्णा मात्र वाईची. पाटी वाचून ती दुकानाच्या पायरीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, मोटार विकायचीय की तिची टिंगल करवून घ्यायचीय?"

पाटी बदलायचं ठरलं, तोच तिला ताप भरला. तापातही पाटी आठवली की तिला हसू यायचं. त्या तापातून ती उठली नाही. मणिकर्णिकेच्या घाटावर तिला अग्नी देऊन परतल्यावर ढुंढिराजने पाटीला कोणाला हात लावू दिला नाही.

समोरच त्याचा मावसभाऊ वेणीमाधव अमेरिकन गाड्या विकायचा. बकुळबाबूंना पाहून तो रस्ता ओलांडून आला.

"काय रे ढुंढ्या, डबा चालला वाटतं कलकत्त्याला?"

"तुझ्या हत्तींना पेट्रोल पाजता पाजता जमीनदार विकले जातील. त्यांची काळजी कर."

"रागावतोस कशाला? तूच लिहिलंयस ना वर, चेष्टा करा म्हणून!"

तेवढ्यात दुकानासमोर टांगा थांबला. आत प्रेमलाबाई होत्या, दक्षिणेतल्या एका जहागीरदारांची विधवा. काशीवासासाठी बालाजी घाटाजवळ घर घेऊन राहिल्या होत्या. निघाल्या होत्या वेणीमाधवकडे, पण पाटी वाचून त्यांना हसू फुटलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, बाईसाहेब."

"मग करू का चेष्टा? भटजी, ही मोटार आहे की देव ठेवायचा संपुष्ट?"

"संपुष्टच समजा. आपल्या घराकडची वाट केवढीशी! समोरच्या गाड्या लांबच उभ्या राहतील आणि आपल्याला पायी धाडतील. ही गल्लीच्या तोंडापर्यंत येईल."

"दाखवा."

ढुंढिराजने त्यांना बसवून नेलं. गर्दीतून, मोकाट सांडांना चुकवत, गल्लीच्या तोंडाशी गाडी नेऊन उभी केली. परत आल्या तेव्हा बाई खुशीत होत्या.

"घेतली गाडी," त्या म्हणाल्या. बकुळबाबूंचा चेहरा उजळला. "पण आधी ती पाटी उतरवा. आमच्या मुलखातली माणसं यात्रेला येतात. वाचतील आणि म्हणतील, बाईसाहेब चेष्टेच्या मोटारीतून फिरतात. चेष्टेच्या जागी प्रयत्न लिहा, म्हणजे झालं."

बकुळबाबूंना काही कळेना. बंगालीतही चेष्टा म्हणजे प्रयत्नच. "शब्द तर चांगला आहे," ते म्हणाले. "पण बाईंना नको ना? बदला लवकर!"

ढुंढिराज पाटीकडे पाहत उभा राहिला.

"नाही बदलणार."

"अहो, चुकलाय शब्द!" बाई म्हणाल्या.

"चुकलाय, ठाऊक आहे मला. माझी बायको जाण्याआधी त्याच्यावर हसत होती. तो तसाच राहील."

बाईंनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "वाईट झालं. पण भटजी, मोटार विकणाऱ्याने इतकं हट्टी असू नये."

"मोटार विकतोच आहे, बाईसाहेब. पाटी विकत नाही."

बाई समोर वेणीमाधवकडे गेल्या. बकुळबाबू डोक्याला हात लावून बसले, मग उठले आणि ड्रायव्हरला खूण केली. लॅमबर्न गेली.

ढुंढिराजने शिडी लावली, वर चढला आणि पाटीवरचं 'लॅमबर्न' एवढंच रंगाने पुसलं. सौदा उरकून वेणीमाधव पुन्हा आला. या खेपेला तो हसत नव्हता.

"माझ्याकडे ये कामाला. खरंच सांगतो. रिकाम्या दुकानात काय करशील?"

"तुझ्या गाड्या माझ्याशिवाय खपतात. बुडायला आलेली दुसरी एखादी कंपनी असेलच, तिला एजंट लागेल."

"आणि तीही बुडाली तर?"

"तर तिसरी. नावाची जागा मोकळी ठेवलीय वर. खालची ओळ आहे तीच राहणार. आता जरा बाजूला हो, लोकांना वाचू दे."