कोट धरणारा माणूस

"दादारावांचा हा सिनेमा म्हणजे जीव की प्राण," प्रतापकाका माइकवर म्हणाले, तेव्हा जागृतीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या लायब्ररीचा हॉल भरला होता. तिच्या वडिलांना, दादारावांना, जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांच्या आठवणीत मराठी मंडळाने लिंकनवरचा तो जुना कृष्णधवल चरित्रपट लावला होता. पप्पा दर फेब्रुवारीत तो इथेच मुलांना दाखवत. पण आवडायचा म्हणून नव्हे. ते तो लावत ते भांडण्यासाठी.

भांडणाची जागा ठरलेली होती. गुलामांची सुटका करणारा अध्यक्ष बाहेर निघतो आणि एक काळा नोकर त्याचा कोट धरून उभा राहतो. त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. शेवटच्या श्रेयनामावलीतही तो नाही. पप्पा तिथे चित्र थांबवत. "याला नाव द्या. तोवर सिनेमा पुढे जाणार नाही." मग मुलं नाव शोधत, तो कुठला, घरी कोण, सगळं रचत. पिझ्झा गार होऊन जाई. पप्पांना स्वतःला गावच्या शाळेत कुणी नावाने हाक मारली नव्हती; मारत ती जातीने.

"आज मात्र सलग बघू हं," काका सांगत होते. "मध्ये डिस्कशन नको, मूड जातो. आणि दादाराव कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत."

मंडळात जातबित कुणी पाहत नाही, असं म्हणणाऱ्या याच काकांशी पप्पा याच हॉलच्या दारात कडाकडा भांडले होते. आता फोटोला हार घातला की झाले सालस.

सिनेमा सुरू झाला. कोट धरणारा माणूस आला तशी जागृती उठली, टेबलावरचा रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"अगं, काय करतेस?" प्रतापकाका लगबगीने पुढे आले. प्रोजेक्टरचा झोत त्यांच्या झब्ब्यावर पडला.

"याचं नाव काय, काका?"

"जागृती, बाळा, तुझं दुःख समजतं आम्हाला—"

"दुःखाचं नाही विचारलं मी."

"लोकांची जेवणं व्हायचीत गं."

"प्रतापराव," पहिल्या रांगेतून तिची आई, मीरा, म्हणाली, "दर वर्षी सिनेमा इथे थांबतो. तुम्ही कधी आला नाहीत, म्हणून माहीत नाही."

मागून कुणीतरी हसू दाबलं. छोट्या स्वानंदीने हात वर केला. "दीदी, कॅन आय नेम हिम?"

"थांब, सोन्या. आधी काका."

काकांनी रिमोटसाठी हात पुढे केला. जागृतीने त्यातले सेल काढले, पर्समध्ये टाकले, चेन लावली आणि रिकामा रिमोट त्यांच्या हातावर ठेवला. मग ती आईशेजारी जाऊन बसली.

पडद्यावरचा माणूस कोट धरून उभा होता. त्याच्यासमोर, हातात रिमोट धरून, प्रतापकाकाही.