तपासले, दोष नाही

आमच्या घरातल्या प्रत्येक बल्बच्या मानेवर एक तारीख लिहिलेली आहे. बल्ब ज्या दिवशी लावला त्या दिवसाची, न पुसणाऱ्या काळ्या पेनाने, बारीक अक्षरात. ही सवय मला तंत्रनिकेतनात लागली आणि कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात चौतीस वर्षांत हाडात मुरली. घरच्या दिव्यांची मी एक वहीही ठेवतो. तीत प्रत्येक दिव्याला क्रमांक आहे. जिन्यातला दिवा, क्रमांक सात.

जिना दोन भिंतींच्या मध्ये आहे. त्याला खिडकी नाही; भर दुपारीही दिव्याशिवाय पायऱ्या दिसत नाहीत. वर झोपण्याच्या खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि त्यामागे माझी कामाची खोली. जिन्याच्या मध्यावर छताला दुधी काचेचा बंद गोळा आहे. तो पत्नीने पसंत केलेला. त्यात पूर्वी पिवळा बल्ब असे. तो वर्ष-दीड वर्षात जाई, पण गेला की गेला. हलवून पाहिला की तुटलेली तार आत किणकिणे, आणि पुढे कुणाला काही विचारावे लागत नसे. दोन वर्षांपूर्वी मी त्या जागी एलईडी लावला. खोक्यावर पंधरा हजार तास असे छापले होते. त्याखाली बारीक टायपात आणखी एक ओळ होती: बंद आवरणात वापरू नये. ती मी वाचली होती. गोळा मोठा आहे, आत हवा पुरेशी आहे, असे मी ठरवले.

त्या गुरुवारी दुपारी मुलगी आईचे कपडे न्यायला आली. पत्नी महिनाभरापासून निवासगृहात होती. ज्यांची स्मृती साथ देत नाही अशा वृद्धांसाठी ते आहे. महिना चाचणीचा होता, तो संपला होता. शुक्रवारी सकाळी दहा वाजता कायमच्या निवासाच्या अर्जावर मला सही करायची होती. सही झाली की तिला तिथली खोली मिळणार होती आणि घरी परत येण्याचा प्रश्न मिटणार होता.

हे प्रकरण इथवर आले ते माझ्या अक्षरात. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचे निरीक्षण मागितले होते. मी दोन पाने लिहून दिली, तारीखवार. जिन्यातला दिवा आपोआप विझतो असे म्हणते. दिवा मीच बंद करतो असा आरोप करते. काळोखात जिन्याच्या मध्यावर, कठड्याला धरून, बराच वेळ निश्चल उभी राहते. उभी असताना मोठ्याने आकडे मोजते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकं व्यवस्थित कुणी लिहून देत नाही." मला त्या वेळी बरे वाटले होते.

मग त्यांनी पत्नीला आजची तारीख विचारली.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली. "हे बल्बवरसुद्धा लिहून ठेवतात."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि रकान्यात लिहिले: उत्तर दिले नाही.

गुरुवारी मुलगी जिन्यावरून वरखाली करत होती. कपडे, शाली, चष्म्याचे डबे. एक पिशवी खाली आणून ठेवायची, पुन्हा वर जायचे. मी कामाच्या खोलीत एका टेबलफॅनची वायर बदलत होतो. मला फॅनची गरज नव्हती.

"बाबा! लाईट गेली!"

माझ्या टेबलावरचा दिवा चालू होता. "माझी आहे," मी ओरडलो.

"अहो, जिन्यातली! बाबा, मला काही दिसत नाहीये, हातात पेटी आहे!"

मी हातातला वायरचा जोड आधी पुरा केला, पक्कड खाली ठेवली, चष्मा बदलला, गुडघ्यावर हात टेकून उठलो आणि स्वयंपाकघर ओलांडून जिन्यापाशी आलो. गोळा लख्ख पेटलेला होता. मुलगी सातव्या पायरीवर, पेटी पोटाशी धरून, भिंतीला टेकून उभी होती.

"लागलेलीच आहे की," मी म्हणालो.

"आत्ता लागली. तुम्ही आलात आणि लागली."

हे वाक्य मला ठाऊक होते. वहीत ते होते.

मी वही आणली. मुलगी पेटी पायरीवर ठेवून तिच्यावरच बसली. सातव्या क्रमांकाच्या पानावर तीन नोंदी होत्या, साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. तक्रार: दिवा विझतो. तपासले, दोष नाही. तक्रार: दिवा विझतो व आपण आल्यावर लागतो. तपासले, दोष नाही. तिसरी पहिल्यासारखीच. तिन्ही नोंदींपुढे तपासणीचा वेळ लिहिला होता: पाच मिनिटे.

"पाच मिनिटं?" मुलगी म्हणाली. "म्हणजे खाली उभं राहून बघितलंत, आणि झालं?"

"होल्डर बघितला. विजेचा दाब मोजला. बल्ब घट्ट केला."

"आणि आई काय करत होती तेव्हा?"

"वर उभी होती."

कारखान्यात नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगत असे. जो दोष यंत्र तापल्यावर दिसतो, तो यंत्र थंड असताना शोधायचा नाही. आधी तापू द्यायचे, मग मीटर लावायचा. ते मला मागून मीटरच म्हणत. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल त्याची नोंद नाही.

"तू हा दिवा किती वाजता लावलास?" मी विचारले.

"आल्या आल्या. आणि बंद नाही केला. तुम्ही ओरडाल म्हणून मनात आलं होतं, पण हात भरलेले होते."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जिन्याला वर आणि खाली अशी दोन बटणे आहेत. मी वर पोहोचलो की दिवा बंद करतो, खाली आलो की बंद करतो. दोन वर्षांत तो दिवा माझ्यासमोर एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त जळला नसावा. पत्नी कपडे घड्या करून वर नेताना, केर काढताना तो चालू ठेवी. मी मागून जाऊन बंद करी. "माझ्यामागे अंधार करत फिरतात," असे ती पाहुण्यांना सांगे, आणि पाहुणे हसत. काळोखात ती उभी दिसली की तिनेच बटण दाबले असेल, असे मी धरून चाले. बल्ब माझ्या हाताखाली कधी तापलाच नाही. तो फक्त तिच्यासाठी तापत होता.

मी बटण बंद केले. "तासभर थंड होऊ दे."

"एक तास? बाबा, मला संध्याकाळच्या आत कपडे तिकडे पोचवायचेत."

"अर्धवट तापलेल्या बल्बवर घेतलेलं माप उपयोगाचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितले. "काय झालं? काही नाही रे. बल्ब थंड करतोय आम्ही," असे ती म्हणाली, आणि पलीकडून काय उत्तर आले कोण जाणे, पण तिने फोन ठेवून दिला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिने चहा केला. साखरेचा डबा तिला सापडला नाही. मलाही सापडला नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी दिवा लावला, आणि आम्ही दोघे जिन्यात बसलो. ती सातव्या पायरीवर, मी तिसऱ्या. घड्याळ मी मांडीवर ठेवले होते. पहिली वीस मिनिटे काही झाले नाही. मुलगी फोन बघत होती. मग तिने तो बाजूला ठेवला.

"आईला हे असं किती वेळा झालं असेल?"

"वहीत तीन आहेत."

"वहीचं नाही विचारत."

मला काय वाटायला हवे ते कळत होते. ते येत नव्हते. मी गोळ्याकडे पाहत होतो. आतल्या छोट्या सर्किटमध्ये सोल्डरचा एखादा जोड चिरलेला असणार. उष्णतेने तो उघडतो, प्रवाह तुटतो. दिवा विझल्यावर निवतो, जोड पुन्हा टेकतो, दिवा लागतो. बंद गोळ्यात उष्णता बाहेर जायला जागा नाही. वरून पाहता बल्ब नवा, स्वच्छ. जुन्या बल्बची काच तरी काळी पडत असे.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी दिवा विझला.

आवाज झाला नाही, मिचकावणे झाले नाही. समोरच्या भिंती गेल्या. मला मांडीवरचे घड्याळ दिसेना. निवायला किती वेळ लागतो ते टिपणे आवश्यक होते, म्हणून मी मोजायला लागलो.

"एक, दोन, तीन, चार..."

मी पन्नासापाशी होतो तेव्हा मुलगी हलली; तिच्या बांगड्या कठड्यावर वाजल्या.

"बाबा."

"एकोणसाठ, साठ, एकसष्ट..."

"बाबा, आई असंच मोजायची."

"मोजू दे."

"अहो, ती लाईट येईपर्यंत मोजत होती!"

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर माप चुकले असते. माझा आवाज भिंतीवरून परत येत होता आणि तो एका म्हाताऱ्या माणसाचा होता, काळोखात कठड्याला धरून आकडे मोजणाऱ्या. दोनशे सव्वीसला दिवा लागला. मुलीने तोंड हातांनी झाकले होते.

आणखी दोन वेळा मी तेच केले, दर वेळी पूर्ण थंड करून. एक माप म्हणजे माप नव्हे. दोनशे एकोणीस. दोनशे तेवीस. तोवर बाहेर संध्याकाळ झाली होती. कपड्यांच्या पिशव्या दाराशी तशाच होत्या. मुलीने त्या उचलल्या नाहीत. मी फडक्याने बल्ब उतरवला. मानेवरची तारीख उष्णतेने तपकिरी झाली होती, पण वाचता येत होती.

शुक्रवारी दहा वाजता मी डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. माझी दोन पाने, वही आणि बल्ब टेबलावर ठेवला. पानांवर मी लाल शाईने एक दुरुस्ती लिहून आणली होती: वरील चारही निरीक्षणे दिवा क्रमांक सातच्या दोषाची आहेत. रुग्णाची नाहीत. निरीक्षकाने तपासणी अपुरी केली. खाली सही आणि तारीख.

त्यांनी ते दोनदा वाचले. "काका, एका बल्बवरून मी काही ठरवू शकत नाही."

"तुम्ही एका बल्बवरूनच ठरवलंत," मुलगी म्हणाली.

"आणि तारीख? ती त्यांना सांगता आली नव्हती."

"ह्यांना विचारा, असं ती म्हणाली होती," मी म्हणालो. "मी लिहून ठेवतो हे खरं आहे."

डॉक्टरीणबाईंनी बल्ब उचलला, मानेवरची तारीख वाचली आणि पुन्हा ठेवला. मग म्हणाल्या की परीक्षा नव्याने घेऊ, सहा आठवड्यांनी. तोवर तिला घरी न्यायला त्यांची हरकत नाही, तिची स्वतःची तयारी असेल तर. अर्ज त्यांनी खणात ठेवला. मी पेन खिशातून काढलेच नव्हते.

पत्नी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. महिन्याभरात ती विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली होती, आणि विचारले तरी हो-नाहीवर भागवत होती. मी शेजारी बसलो. काय म्हणायचे ते मी वाटेत जुळवले होते, पण ते लांब होते. मी बल्ब तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तो ओळखला. "जिन्यातला," ती म्हणाली. मग: "किती आले?"

"दोनशे सव्वीस. मग दोनशे एकोणीस. मग दोनशे तेवीस."

"माझे दोनशेच्या आत यायचे." ती बल्ब बोटांत फिरवत होती. "तुम्ही भरभर मोजता. पहिल्यापासून."

"तू मला तीनदा सांगितलं होतंस."

"तीनदा?"

"वहीत तीनदा आहे."

"वहीत," ती म्हणाली.

मुलगी दारात उभी होती. ती जवळ आली आणि आईच्या पायाशी बसली. "आई, बाबांनी सही नाही केली. घरी चलतेस?"

पत्नीने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की मी मनातल्या मनात मोजायला लागलो होतो. ते लक्षात आल्यावर थांबलो. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काय करायचे ते कळले असते.

"माझ्या चपला कपाटामागे आहेत," ती मुलीला म्हणाली. "इथल्या झाडूवाल्या बाईंनी आत सरकवल्यात. काठीने ओढ."

आता ती घरी आहे. सहा आठवड्यांतले चार झाले. दुधी गोळा मी काढला. त्या जागी उघडा होल्डर आहे आणि त्यात नवा एलईडी. लावण्याआधी कामाच्या खोलीत मी तो सलग तीन दिवस जाळून पाहिला. वहीत मी तपासणीचा वेळ लिहिला: बहात्तर तास. तिला वही दाखवली. तिने चष्मा न लावताच मान हलवली.

जिन्यातला दिवा आता सकाळपासून झोपेपर्यंत चालू असतो. माझा हात अजून बटणाकडे जातो. मी तो खिशात घालतो.

ती मात्र वर जाताना सातव्या पायरीवर थांबते. दिवा डोक्यावर लख्ख पेटलेला असतो, पायऱ्या दिसत असतात, तरी ती कठडा धरून उभी राहते. तिचे ओठ हलत नाहीत. मोजते की नाही ते मला सांगता येणार नाही.

"नवा आहे," मी खालून म्हणतो. "बघितलाय मी."

"तुम्ही बघितलाय," ती म्हणते, आणि आणखी थोडा वेळ थांबते.