डावा हात

उभ्या जन्मात दातांच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही, याचा सहदेव परबला भारी तोरा होता. गिरणी बंद पडली, परळची खोली विकून तो चारकोपला आला, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला तो हे ऐकवायचा आणि ऐकवताना बायकोकडे बोट दाखवायचा. वनमालेचे दात एकेक करून गेले होते. दर वेळी ती एकटीच पालिकेच्या हॉस्पिटलात रांग लावून दाढ काढून यायची आणि तोंडाला पदर लावूनच बांगडे साफ करायला बसायची. आज नको, म्हटलं की तो म्हणायचा, "दात तुझो गेलो, माझी भूक नाय गेली." मुलाच्या, राजेशच्या साखरपुड्यात त्याने व्याह्यांसमोर तिला "आमची बोळकी" म्हणून हाक मारली. सगळे हसले. तीही हसली, तोंडावर हात धरून.

मग त्याचीच दाढ ठणकली. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या. गाल सुजून डोळ्याला भिडला, ताप चढला. शेवटी राजेशने फोनवर एका दवाखान्यात वेळ घेतली, तो स्वतः ऑफिसला गेला, आणि वनमाला नवऱ्याला रिक्षात घालून निघाली.

दवाखाना थंडगार, काचेचा. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवरून नजर न हलवता सांगितलं, "अंकल, तुम्ही मेसेजला रिप्लाय नाही दिला ना, अपॉइंटमेंट कॅन्सल झाली. बसा, मधे घेते."

दोघं बसली. त्यांच्या मागून आलेली, दातांना तारा लावलेली कॉलेजची पोरगी आत गेली. फोनवर मोठमोठ्याने बोलणारा एक माणूस आत जाऊन बाहेरही आला आणि फोनवर बोलतच पुन्हा बसला. सहदेवने कोपर मारलं. "बसान काय ऱ्हवलंस? जा, इचार तिका."

वनमाला गेली. "आंटी, सांगितलं ना," मुलगी म्हणाली. ती परत आली तर हा म्हणाला, "एक काम धड जमणा नाय तुका."

थोड्या वेळाने तो स्वतःच उठला आणि त्याने काउंटरवर थाप मारली. पण सुजलेल्या जबड्यातून शब्द काही निघेनात. निघाली ती लाळ, आणि ती लांबच्या लांब काचेवर सांडली. फोनवाला दोन खुर्च्या पलीकडे सरकला. मुलीने टिश्यूचा डबा वनमालेपुढे ढकलला. "आंटी, पुसून घ्या ना प्लीज."

वनमालेने काच पुसली. पुसताना तिने वर बघितलं. सहदेव शरमला होता. एवढ्या वर्षांत हा चेहरा तिने पाहिलाच नव्हता. तिच्या छातीत काहीतरी गोड हललं. ती दचकली, पण ते गेलं नाही.

कधीतरी आत बोलावलं. रेवती डॉक्टर वयाने लहान, चटपटीत. "काका, आधी कधी दात काढलाय? बीपी आहे? शुगर?" सहदेव हातवारे करायला लागला. उत्तरं वनमालेने दिली. त्याने मधे तोंड घातलं तेव्हा डॉक्टर म्हणाली, "काका, तोंड उघडंच ठेवा. काकू सांगतायत ना." बँकेत, रेशनवर, तिच्या स्वतःच्या बाळंतपणातसुद्धा तिच्या वतीने तोच बोलत आला होता.

सुया टोचून झाल्या. "काका, आत पू झालाय, त्यामुळे भूल कधीकधी पूर्ण चढत नाही. दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबेन, परत इंजेक्शन देईन. काय?" त्याने मान हलवली. "काकू, तुम्ही उभ्या राहा बाजूला, त्यांना धीर येईल."

वनमाला खुर्चीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

दाढेला डॉक्टरची पकड लागली तसा तो हात उसळला. वनमालेने तो खाली दाबला. त्याने पुन्हा ओढला. तापाने तो पार गळाला होता आणि हिचे हात जन्मभर भाकऱ्या थापलेले. तिने तो खुर्चीच्या दांड्याला नेटाने टेकवून धरला. सहदेवने डोळे तिच्याकडे फिरवले. त्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"अंऽऽ... अंऽऽ..."

"दुखतंय का काका?" डॉक्टरची नजर दाढेवर होती.

"नाही हो," वनमाला म्हणाली. "घाबरट आहेत. तुम्ही करा."

कट्‌कन आवाज झाला. दाढ मधेच मोडली होती. "मूळ आत राहिलं," डॉक्टर पुटपुटली आणि तिने मशीन हातात घेतलं. तेवढ्यात हात सोडता आला असता. वनमालेला ते कळत होतं. तिने पकड जरा नीट केली, एवढंच. मशीन घरघरायला लागलं. सहदेवच्या टाचा खुर्चीवर आपटत राहिल्या आणि ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. नखांच्या लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. "अगंबाई, केवढं घट्ट धरलंत काकू! माझ्या बाबांचा हात आई असा कधी धरत नाही." ती हसली. "आणि काका, इतका त्रास होत होता तर हात वर करायचा होता ना."

सहदेवच्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्याने डॉक्टरकडे बघितलं, मग बायकोकडे. मग त्याने मान खाली घातली.

"टाके काढायला पुढच्या आठवड्यात या. शेजारची दाढही पोखरलीय, तीही काढावी लागेल."

रिक्षात तो पार पलीकडच्या दांडीला चिकटून बसला. खड्ड्यात रिक्षा उसळून तिचा खांदा लागला, तसं त्याने अंग चोरलं.

संध्याकाळी राजेशने विचारलं, "बाबांनी तमाशा केला का गं?"

"नाही रे. अगदी शांत होते."

भूल उतरली होती, बोळाही निघाला होता. सहदेव भिंतीकडे बघत चाचरत म्हणाला, "पुढच्या येळेक राजेश येतलो माझ्यावांगडा."

"राजेशला सुट्टी कुठे असते?" वनमालेने आसट भात त्याच्या ताटात वाढला. "मीच येईन."