किमोसोपचा तुंबा

तापनियोलेनं चुलीतला निखारा चिमट्यानं उचलला, तुंब्याच्या तोंडातून आत सोडला आणि लगेच ताडाच्या शिरांचा कुंचा घालून तो चिरडायला लागली. निखारा सेनेत्वेतच्या लाकडाचा. दुसऱ्या लाकडाचा चालत नाही. आत चर्र झालं, धुराचा बारीक दोरा वर आला. तिनं तुंबा मांडीवर आडवा घेतला आणि गोल गोल फिरवत राहिली. कोळशाची भुकटी आतून सगळीकडे सारखी बसली पाहिजे. बोटभर जागा कोरी राहिली तरी दूध नासतं, मुरत नाही.

हा तुंबा तिच्या नवऱ्याचा, किमोसोपचा. पोरांचे वेगळे, तिचा वेगळा, पाहुण्यांचा वेगळा. घरधन्याच्या तुंब्यातलं मुर्सिक, म्हणजे असं मुरवलेलं दूध, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कडक, निळसर राखी झाक आलेलं. अंगणात लोळणाऱ्या पोराला परवाचं दूध चालतं; कर्त्या पुरुषाला महिनाभर मुरलेलं द्यायचं, हा मान. चौतीस वर्षांत तिनं हा तुंबा एक दिवस रिकामा ठेवला नव्हता. आता सात आठवडे झाले, किमोसोपच्या घशाखाली पाण्याचा घोट धड उतरत नव्हता. तरी ती तुंबा भरत होती. रिकामा तुंबा भिंतीला टांगला की घरातला पुरुष गेला असं समजतात.

किमोसोप दाराजवळच्या बाजेवर पडला होता. एके काळी चहाच्या मळ्यात दोन माणसांची पाटी एकटा उचलणारा गडी. आता अंगावर मांस म्हणून नव्हतं. सकाळी सून नाओमीनं मक्याची पातळ पेज चमच्यानं भरवली होती. तीन चमचे गेले, दोन परत आले. बाजेशेजारी तिपाईवर त्याचा थोरला भाऊ चुमो बसला होता. तो रोज येतो, काठीवर हनुवटी टेकतो आणि दुपारपर्यंत बसतो. बोलायला काही उरलेलं नाही, पण न बसणं बरं दिसत नाही.

"आजी, आहात का?"

फाटकातून तेक्ला आत आली. पलीकडच्या टेकडीवरची पोर. शिकली, जिल्ह्याच्या दवाखान्यात लागली. काखेत कागदांची जाडजूड फाईल, पायात चिखलाचे बूट.

"आली बघ कागदवाली," चुमो म्हणाला. "आमची गुरं मोजून झाली, कोंबड्या मोजून झाल्या. आता आमचं शेण जोखणार ही."

"जोखते की, मोठे आजोबा. तुमचंच आधी घेते. तराजू मोडला तर सरकार नवा देईल."

बाजेवरून घरघर ऐकू आली. किमोसोप हसत होता. चुमोही हसला आणि सरकून तिला बसायला जागा करून दिली.

तेक्लानं कागद गुडघ्यावर ठेवला. आजोबा, उत्तरं देववतील का, असं आधी विचारलं. त्यानं मान हलवली.

"तंबाखू?"

"वीस वर्षं," किमोसोप म्हणाला. आवाज कसला, फाटक्या भात्यातली हवा. "नाकातून."

"दारू?"

"मिळाली तेवढी."

"न मिळालेलीही लिही," चुमो म्हणाला. "माझ्या वाटणीची प्यायचा हा."

"चहा? गार करून घेता की गरम?"

"जीभ भाजली नाही तर तो चहा कसला?"

तेक्ला भराभर लिहीत होती. मग तिचं पेन थांबलं. वर न बघता तिनं विचारलं,

"मुर्सिक?"

किमोसोपनं डोळे मिटून घेतले.

"नाही."

"नाही म्हणजे, कमी?"

"पीत नाही. कधीच प्यायलो नाही. मला आवडत नाही."

"शाब्बास," चुमो हळूच म्हणाला आणि काठी जमिनीवर आपटली.

चुलीजवळ तापनियोलेच्या मांडीवरचा तुंबा फिरायचा थांबला. ह्या माणसानं थोरल्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांशी पैज लावून अख्खा तुंबा तोंडाला लावला होता. मळ्यावर कामाला होता तेव्हा तिच्या हातचं दूध आणायला दर पंधरवड्याला चार तास माणूस चालवायचा. नात लागणाऱ्या पोरीसमोर दारू कबूल करताना ह्याची पापणी लवली नाही, आणि दुधाला नाही म्हणतो?

मग तिला फेब्रुवारीतला तो दिवस आठवला. शहरातलं मोठं इस्पितळ. डॉक्टरनं तिला बाहेर बसवलं आणि ह्याच्याशी बराच वेळ बोलत राहिला. येताना भाड्याच्या मटाटू गाडीत मागच्या बाकावर तिनं विचारलं, काय म्हणाला? "तंबाखू म्हणाला." एवढंच. आणि त्या संध्याकाळी त्यानं दूध मागितलं. एक पेला, मग दुसरा. पालथ्या हातानं मिशा पुसून म्हणाला, "आज छान लागलं." चौतीस वर्षांत तिच्या दुधाला तो छान म्हणाला नव्हता. तिला वाटलं होतं, आजारानं माणूस मऊ होतो. डॉक्टरनं दुधाचंही नाव घेतलं असणार, हे तिला आत्ता कळलं.

"झालं ना तुझं?" चुमो तेक्लाला म्हणाला. "आता ऐक. माझ्या आईच्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. मिशनच्या पाद्र्याच्या बायकोनं गावातले सगळे तुंबे मैदानात आणवले. म्हणाली, यात किडे असतात, सैतान असतो. दगडानं फोडले एकेक. बदल्यात पत्र्याच्या डब्यातली दुधाची भुकटी दिली. त्या पावसाळ्यात जुलाबानं किती पोरं गेली ते पाद्र्याच्या वहीत नाही. माझ्या आईनं एक तुंबा शेणाच्या ढिगात पुरून ठेवला होता, म्हणून आज तू आणि मी दूध म्हणजे काय ते जाणतो. आता तू आलीस. दगडाच्या जागी पेन, एवढाच फरक."

ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तुंबा घाण, गोरे म्हणाले. नाचणी गुरांचं खाणं म्हणाले आणि पांढरं पीठ पोत्यांनी विकलं. रानातली कडू भाजी जंगली म्हणाले. आता तीच शहरातल्या दुकानात गारव्यात ठेवून श्रीमंतांना विकतात आणि वर लिहितात, आरोग्याला उत्तम. सुईणी अडाणी, झाडपाला जादूटोणा, नावंसुद्धा रानटी. शंभर वर्षं ह्यांनी तरस आलं, तरस आलं म्हणून आमची एकेक वस्तू हातातून सोडवली. आणि आता समजा खरंच तरस आलं असेल? कुणाच्या कानावर विश्वास ठेवायचा? लबाडांच्या हजार गोष्टींत एक खरी निघाली, तर ती ओळखायची कशी? मारणाऱ्यांनी मारलं ते मारलंच. वर आमचे कानही निकामी करून गेले.

"मोठे आजोबा, मी तुंबे फोडायला आले नाही," तेक्ला म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "दूधच आहे असं कुणी ठरवलेलं नाही. चहा असेल. तंबाखू असेल. दारू असेल, माती असेल, सगळं मिळून असेल. माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच दारोदार फिरतेय. तीन वर्षांत ह्या डोंगरावरची नऊ माणसं एकाच दुखण्यानं गेली, तुम्हीच पुरलीत. आणि ही बघा चाळीस घरं." तिनं फाईल थोपटली. "चाळीसच्या चाळीस घरांत मुर्सिक कुणी पीत नाही. हे कागद वाचणाऱ्याला वाटेल, इथं सगळे इंग्रज राहतात."

कुणी हसलं नाही. अंगणात कोंबडीनं माती उकरली. आडोशाला नाओमी तिच्या चार वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या हातात पेला होता.

तापनियोलेनं तुंबा खाली ठेवला. हाताला लागलेली काळी भुकटी तिनं पदराला पुसली नाही, तशीच उठून बाजेजवळ आली.

"लिही," ती म्हणाली.

"काय, आजी?"

"चौतीस वर्षं. रोज. सकाळी एक पेला, संध्याकाळी दोन. सगळ्यात जुनं, सगळ्यात कडक. माझ्या हातचं."

"तापनियोले!" चुमो ताडकन उठला.

"बसा, भाऊजी. नाहीतर जा."

"अक्कल आहे का तुला? उद्या हे कागद वर जातील. परवा गाडी येईल, तुंबे गोळा करायला. आणि सगळा डोंगर म्हणेल, बायकोनंच मारला! आपल्या तोंडानं सांगितलं तिनं!"

"म्हणू दे."

"तुझ्या सासूनं शेणात हात घालून जपलंय ते..."

"जपलं, म्हणून तर माझ्यापर्यंत आलं. पाद्रीणबाईनं न बघता फोडले. आपण न बघता जपतोय. माणसं मात्र दोन्ही वेळा आपलीच गेली." तिचा आवाज चढला नाही. "उद्या दुधाचा दोष नाही असं निघालं, तर मीच ढोल वाजवत गावभर फिरेन. पण बघू तर द्या. ही कुणी गोरी नाही. तुमच्या मेहुण्याची नात आहे."

चुमोनं भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे बघत होता. मग चुमोनं काठी उचलली.

"माझ्या घरचं माणूस आजपासून तुझ्या हातचं पाणी पिणार नाही," तो म्हणाला. फाटकाशी थांबून पुन्हा म्हणाला, "त्याला पुरायला येईन. तेवढंच." आणि गेला. तिपाई रिकामी झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती दुपारच्या आधी रिकामी झाली होती.

किमोसोपनं मान वळवली. त्याला दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता.

"तुला... कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," ती म्हणाली. "आत्ता."

त्यानं तिच्या काळ्या हातांकडे बघितलं. मग तोंड भिंतीकडे केलं. त्याच्या पाठीचे मणके सदऱ्यातून एकेक मोजता येत होते, आणि ते हलत होते. तिनं घोंगडी त्याच्या खांद्यापर्यंत ओढली, तिच्यावर काळी बोटं उमटली.

तेक्लानं लिहिलेल्या 'नाही'वर एक रेघ मारली. बाजूला आकडा घातला. मग पुढचा प्रश्न वाचला.

"घरात आणखी कोण पितं?"

"मी. माझं ताजं असतं, उरलंसुरलं. दोन्ही मुलगे, आले की. ती नाओमी." तापनियोलेनं आडोशाकडे हनुवटी केली. "आणि ती."

नाओमीनं मुलीच्या हातातला पेला काढून घेतला नाही, पुढेही केला नाही. तो अर्ध्यावर तसाच राहिला. पोरगी आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

तेक्लानं सगळी नावं लिहिली. पेनाला टोपण लावलं.

"थांब," तापनियोले म्हणाली. "तू म्हणालीस, चाळीस घरं. तुझ्या आईचं घर त्यातच आलं ना?"

तेक्लानं फाईल छातीशी धरली.

"दाखव."

"आजी, तुम्हाला वाचता येत नाही."

"म्हणूनच विचारते. काय लिहिलंय?"

तेक्लानं फाईल उघडली, कागदांच्या तळातून सगळ्यात खालचा काढला. त्याच्या कडा मळल्या होत्या. तिनं तो गुडघ्यावर सरळ केला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पीत नाही, असं लिहिलंय."

"कुणी लिहिलं?"

"आई समोर बसली होती," तेक्ला म्हणाली. "पेला भरून माझ्यासमोर ठेवला होता तिनं."

भिंतीकडून घरघर आली. ह्या वेळी ते हसणं होतं की खोकला, ते कळायला मार्ग नव्हता.

तापनियोले चुमोच्या तिपाईवर बसली, पोरीच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"काढ टोपण," ती म्हणाली. "मी विचारते. तू किती वर्षं पितेस?"

तेक्लानं टोपण काढलं. पेन कागदावर टेकलं आणि शाईचा ठिपका पसरत मोठा होत गेला.

"जन्मल्यापासून," ती म्हणाली.